मोटरवाली हेडरेस्ट बसवून घेऊ का? गाडी एक, चालवणारे दोघं, बायकोची मान दुखायलीय

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. घरात गाडी एकच आणि चालवणारे दोघं, मी सहा फुटाला थोडा कमी, बायको पाच फूट एक इंच. ती रोज होटगी रोडला कामावर नेते, मी सुट्टीला पुणं नाहीतर पंढरपूर-अक्कलकोट, त्यामुळं सीट सारखी पुढं-मागं होते, आरसे परत लावायचे, हेडरेस्टला मात्र मी तरी कधी हात लावला नाही. गेल्या काही महिन्यांत लांबचा प्रवास झाला की हिची मान आखडते, दुसऱ्या दिवशी रिव्हर्स घेताना मागं वळून बघता येईना झालंय.

परवा सीट कव्हर बदलायला एका दुकानात गेलो तर तो म्हणतो साहेब नुसतं कव्हर कशाला, सीटची पाठ उघडून आत मोटर बसवून देतो, बटन दाबलं की हेडरेस्ट वर-खाली अन् पुढं-मागं, १८ हजार द्या, एका दिवसात काम. दुसरीकडं ओळखीतले एकजण त्यांची जुनी जर्मन सेडान विकायलेत, तिच्यात कंपनीचीच मोटरवाली हेडरेस्ट, मेमरी बटन, मागच्या हेडरेस्टपण बटनावर खाली जातात. किंमत कशीबशी बसते आमच्यात. तर या मोटरनं मानेला खरंच फरक पडतो का शोभेचं काम आहे? आणि नवीनच घ्यायची म्हटली तर २०-२५ लाखात असं काही मिळतं का? मागं आई बसते, तिचंही बघायला पाहिजे.

शेंगाचटणी:
१८ हजार?? का बे, पैसे जड झालेत का. हेडरेस्टच्या दांडीच्या बुडाशी एक बारकं प्लास्टिकचं बटन असतंय, ते दाबून धर आणि हेडरेस्ट वर ओढ, फुकटात काम. निम्म्या सोलापूरला ते बटन माहीत नाही कारण वर टॉवेल टाकलेला असतोय. आपल्याकडं हेडरेस्टवर टॉवेल नसला की गाडी बाहेरगावची समजायची, हाहा.

२०-२५ लाखाचं विचारशील तर मी दिवाळीत लय शोरूम फिरलोय. ड्रायव्हर सीट मोटरवर मिळतीय, काहीत मेमरीपण आहे, गार हवा मारणारी सीट मिळतीय (एप्रिल-मेत आपल्याला तीच जास्त कामाची), पण हेडरेस्ट हातानंच ओढायची. मोटरवाली पाहिजे तर पार वरच्या गाड्यांकडं जावं लागतंय.

ग्रीसचे_हात:
गॅरेजलाईनमध्ये आहे म्हणून सांगतो, त्या दुकानदाराला सीटची पाठ उघडू देऊ नका. पुढच्या साइड एअरबॅग असतील तर बहुतेक गाड्यांत त्या सीटच्या पाठीतच दाराकडच्या बाजूला असतात आणि सीटखाली त्यांचा पिवळा कनेक्टर असतो. तिथं कुणीतरी कटर घेऊन बसला, वायर ओढली गेली, डॅशवर एअरबॅगचा दिवा लागला, की पुढं ऐनवेळी ती फुगेल याचा भरवसा नाही. कव्हरचंपण तेच बघा, एअरबॅगच्या जागी उसवेल अशी शिवण असलेलं कव्हर घ्या, गच्च रेक्झीन चढवू नका.

कंपनीच्या सीटमध्ये कसं असतंय, पाठीच्या सांगाड्यात वरच्या अंगाला १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर, तिला वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर), पुढं आटे पाडलेला लांब रॉड. मोटर फिरली की रॉड फिरतो, त्याच्यावरचा नट वर-खाली सरकतो आणि त्या नटाच्या ब्रॅकेटमध्ये हेडरेस्टचे दोन्ही पाय बसवलेले. वर्म गिअरची गंमत म्हणजे मोटर त्याला फिरवते पण तुम्ही वरून हेडरेस्ट दाबून मोटर उलटी फिरवू शकत नाही, त्यामुळं बॅटरी काढली तरी हेडरेस्ट आहे तिथंच. मेमरी असेल तर मोटरमध्ये हॉल सेन्सर असतो, तो फेरे मोजतो आणि सीटचं मॉड्युल, म्हणजे सीट चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, ते लक्षात ठेवतं. त्या १८ हजारवाल्याकडं यातलं काय असणार? लोकल ब्रॅकेट वेल्ड करणार आणि मागून कुणी ठोकलं तर तो वेल्ड वहिनींच्या डोक्यामागं.

शिवाय मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सात रस्त्यावर हेडरेस्ट बघायला पोलीस थांबवणार नाही हे मलापण कळतं, पण अपघात झाल्यावर इन्शुरन्सचा सर्व्हेअर सगळं बघतो.

पाठकणा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, मोटरबद्दल बोलत नाही, मानेबद्दल बोलते. चालवताना बहुतेकांचं डोकं हेडरेस्टला टेकलेलं नसतंच, त्यामुळे दुखण्याचं मूळ तिथे क्वचितच सापडतं. माझ्याकडे येणाऱ्या कमी उंचीच्या बायकांची तक्रार जवळपास सारखीच असते, सीट नवऱ्याच्या मापाची, पाठ जास्त रेललेली, मग स्टेअरिंगपर्यंत पोचायला खांदे पुढे आणि रस्ता दिसावा म्हणून हनुवटी पुढे. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं हो, ते असं पुढे काढून चार तास धरायचं म्हणजे मानेमागचे स्नायू आखडणारच.

आधी सीटची उंची वाढवा, दाराकडचा लिव्हर वर-खाली केला की बऱ्याच गाड्यांत सीट उचलली जाते. कंबर पार मागे टेकवून बसायला सांगा, पाठीचा कोन १०० ते ११० अंशांच्या आसपास, आणि खांदा न उचलता मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हेडरेस्टची वरची कड टाळूइतकी हवी, तेवढी येत नसेल तर निदान कानांच्या वर, आणि डोकं व हेडरेस्ट यांच्यात चार बोटांपेक्षा जास्त फट नको. ते नेक पिलो चालवताना वापरू नका, डोकं आणखी पुढे ढकलतं. शेंगाचटणींचा तो टॉवेल मात्र कामाचा आहे, गुंडाळी करून मानेमागे नाही, कमरेच्या खोलगट भागात ठेवायचा. आणि पुण्यापर्यंत एका दमात जाऊ नका, मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण, कुठेही उतरा आणि दोन मिनिटं चाला. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल वाटत असेल तर सीटचे प्रयोग बंद करून डॉक्टरांना दाखवा.

जुळेसोलापूरकर:
मुंग्या वगैरे नाहीत, विचारलं. आत्ता खाली जाऊन गाडी बघून आलो, हेडरेस्ट उलटी निघाली! पुढची बाजू मागं. म्हणजे हिनंच फिरवून बसवली होती, का तर केसांचा अंबाडा घातला, क्लचर लावला, की हेडरेस्ट टोचते आणि मान खाली जाते म्हणे. मी इतके दिवस तसाच चालवत होतो, मला उंचीमुळं ती डोक्याला लागतच नव्हती. आता सरळ लावली की ही म्हणते टोचतं, उलटी लावली की फट हातभर. मोटरवाली पुढं-मागं होणारी असती तर हा प्रश्न सुटला असता ना?

पुण्यात_अडकलेला:
मूळचा अशोक चौकातला, आता चाकणला सीटच्याच कामात आहे. उलटी हेडरेस्ट हा प्रकार सगळीकडे चालतो आणि तो धोक्याचा आहे. नव्या हेडरेस्ट मुद्दाम पुढे झुकलेल्या केल्यात, डिझाइन चुकलेलं नाही. अमेरिकेत पुढच्या सीटला हेडरेस्टची सक्ती १९६९ पासून आहे, पण तेव्हा नुसती उंची बघायचे. पुढे नियम कडक झाला, सगळ्यात वरच्या खाचेत बसणाऱ्याच्या कमरेच्या सांध्यापासून निदान ८०० मिमी उंची आणि डोक्यामागची फट ५५ मिमीच्या आत. ही फट कमी करायची म्हणून ती पुढे आली, आणि अंबाडा असलेल्यांची पंचाईत झाली.

फट का महत्त्वाची ते बघा. मागून धडक बसली की सीट तुमची पाठ पुढे ढकलते आणि डोकं जागच्या जागी राहतं, एस्टीनं झटका मारल्यावर दांडी न धरलेल्या माणसाचं होतं तसं. या फरकात मान आधी इंग्रजी एससारखी वाकते आणि मग मागे फेकली जाते. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात मानेवरचा वाईट ताण येऊन गेलेला असतो. म्हणून डोकं लवकर टेकायला पाहिजे. कडक क्लचर असेल तर डोक्याआधी तो टेकतो, आणि काय होईल ते सांगायला नको. वहिनींना म्हणावं प्रवासात अंबाडा खाली मानेजवळ घाला नाहीतर सैल वेणी. एवढ्यानं काम होतं.

आता मोटर. बटनावरची मोटर हळू चालते, ती सोयीसाठी असते, धडकेच्या वेळी ती काही करत नाही. लोक तिची आणि ॲक्टिव्ह हेडरेस्टची गल्लत करतात. ॲक्टिव्हवाली पहिल्यांदा साब या स्वीडिश कंपनीनं १९९७ च्या सुमारास त्यांच्या ९-५ नावाच्या गाडीत आणली, त्यात वीज नव्हतीच, धडकेत पाठ सीटमध्ये रुतली की आतला लिव्हर हेडरेस्टला वर आणि पुढे ढकलायचा. व्होल्वोनं १९९८ ला दुसरा रस्ता धरला, त्यांची सीटची अख्खी पाठच शरीरासोबत थोडी मागे जाते. मर्सिडीजच्या नेक-प्रो मध्ये आधीच ताणून ठेवलेली स्प्रिंग असते, सेन्सरनं सोडली की हेडरेस्ट झटक्यात पुढे. तीन कंपन्या, तिघींच्या तीन तऱ्हा, आणि मोटरवर कुणीच विसंबलं नाही.

तरी मोटरला नावं ठेवणार नाही मी. तुमच्यासारख्या घरात, जिथं एकाची उंची सहा फूट आणि दुसऱ्याची पाच, तिथं तिचा खरा उपयोग मेमरीसकट आहे. एक नंबर दाबला की तुमची सीट, आरसे, हेडरेस्ट, दोन नंबर दाबला की वहिनींचं. काही जर्मन गाड्यांत तर सीट पुढे-मागे केली की त्या अंतरावरून हेडरेस्टची उंची आपोआप बदलते, उंच माणूस सीट मागे घेतो एवढा साधा हिशोब. माणूस हातानं हेडरेस्ट हलवत नाही हे कंपन्यांनी गृहीत धरलंय.

बाहेरून बसवलेल्याचा अजून एक मुद्दा राहिला, ब्रॅकेटची ताकद. चाचणीत हेडरेस्टवर ८९० न्यूटनपर्यंत जोर लावतात, म्हणजे साधारण ९० किलोचं वजन मागे ढकलतंय असं धरा, आणि ती मोडून चालत नाही. दुकानात वेल्ड केलेला तुकडा हे कुठे तपासून घेणार.

निवांत_गडी:
हेडरेस्ट काढता येते ती काच फोडायलाच ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं, दांड्या टोकदार त्यासाठीच ठेवल्यात म्हणून.

पुण्यात_अडकलेला:
नाही हो. ती काढता येते ती उंची लावायला, सीट दुमडायला आणि कव्हर चढवायला. अडकलात तर दांडी काचेच्या खालच्या फटीत घालून पिरगाळून बाजूची साधी टफन काच फुटू शकते, पण लॅमिनेटेड काच (मधे प्लास्टिकचा थर असलेली) अशी फुटून पडत नाही. काच फोडायची हातोडी स्वस्त मिळते, ती ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

जुळेसोलापूरकर:
१८ हजारवाल्याला नको म्हणून सांगितलं. आईच्या बाजूचं विचारायचं राहिलं, मागच्या हेडरेस्ट खाली दाबलेल्या असल्या की तिच्या पाठीत वर टोचतात म्हणून आम्ही काढून माळ्यावर टाकल्यात.

आणि ती सेडान आज बघून आलो. मागची डाव्या बाजूची हेडरेस्ट बटन दाबलं की टकटक आवाज करते आणि जागची हलत नाही. ड्रायव्हर बाजूची हलते पण मेमरी विसरते, मालक म्हणतायत बॅटरी बदलल्यापासून असं झालंय, किरकोळ आहे. किरकोळच आहे का?

पुण्यात_अडकलेला:
माळ्यावरून आजच काढा. मागच्या खाली दाबल्यावर टोचतात त्या मुद्दाम तशाच केलेल्या असतात, ड्रायव्हरला मागचं दिसावं म्हणून रिकाम्या सीटला खाली, आणि कुणी बसलं की टोचलं पाहिजे म्हणजे माणूस वर ओढतो. आई बसल्या की वर ओढून खाचेत टक्क अडकवा, टोचणार नाही.

ग्रीसचे_हात:
दोन वेगळ्या भानगडी आहेत. मेमरीचं मालक खरं बोलत असतील, बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत मॉड्युल हेडरेस्टची वरची-खालची टोकं विसरतं. हेडरेस्ट पार वर नेऊन बटन काही सेकंद दाबून धरायचं, मग पार खाली नेऊन तसंच, त्या गाडीच्या पुस्तकात पद्धत लिहिलेली असते. त्यानं नाही झालं तर स्कॅनर लावायचा, तेव्हा सेन्सर गेलाय का ते कळेल.

टकटकचं तसं नाही. मोटर फिरतीय म्हणजे फ्यूज ठीक आहे, करंट पोचतोय, पण आतल्या प्लास्टिक गिअरचे दात खाल्लेत नाहीतर केबल-क्लिप निसटलीय. आपल्या उन्हात काच बंद करून उभी असलेली गाडी, आत ग्रीस वाळून घट्ट, त्यात कुणीतरी हातानं दाबून खाली करायला बघितलं की दात जातात. गिअर सुटा सहसा मिळत नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागते आणि सीटची पाठ उतरवायची मजुरी वेगळी. मालकांना म्हणा एकतर दुरुस्त करून द्या नाहीतर पार्टचं कोटेशन काढून तेवढे किमतीत तोडा. आणि बघायला परत जाल तेव्हा गार सकाळी नको, दुपारी दोनला जा, गाडी उन्हात तापलेली असताना चारही हेडरेस्ट वर-खाली करून बघा, सीटच्या मोटरीपण. ज्या मरायला टेकल्यात त्या तेव्हाच कण्हतात.