'डिसइंटरेस्टेड' लिहिलं आणि परीक्षक रागावले. चूक कोणाची?

रामबागकर (इंदूर)

मंडळी, इंग्रजीतल्या एका शब्दापायी माझी चांगलीच फजिती झाली आहे. जरा उलगडा करा.

आमच्या गणेशोत्सवात मुलांची गायन स्पर्धा असते. मंडळाचा सचिव मी, म्हणजे सतरंज्या घालण्यापासून आभारपत्रं लिहिण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. गाणारी निम्मी मुलं कार्यकारिणीचीच नातवंडं, त्यामुळे निकालावरून दरवर्षी रुसवेफुगवे. म्हणून यंदा परीक्षक बाहेरचे आणले. एक बंगाली सर, संगीत शिकवून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी अध्यक्षांच्या नातीला तिसरा नंबर दिला आणि चार महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या भाडेकरूंच्या मुलाला पहिला. मी मनातून जाम खूश!

सरांना मराठी येत नाही, म्हणून आभारपत्र इंग्रजीत लिहिलं. 'थँक यू फॉर युअर डिसइंटरेस्टेड जजमेंट.' बँकेत ३४ वर्षं इंग्रजीत नोटिंग केलंय, त्यामुळे कोणाला दाखवायची गरज वाटली नाही.

परवा सकाळी पोहे-जलेबी घेऊन बसलो आणि फोन वाजला. "भाईसाहब, मैं ढाई घंटा बैठा रहा, चाय तक नहीं पी, और आप लिखते हैं मुझे इंटरेस्ट नहीं था?" पोहे गार झाले.

मुलगा म्हणतो, बाबा, डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला. सून म्हणते, सरळ इम्पार्शल लिहायचं होतं. मी लिहिलं ते चूक की बरोबर? आणि आता सरांना काय लिहून देऊ?

ठरावाची_वही (वडोदरा)

काका, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. माझं काम कंपनी सेक्रेटरीचं, हा शब्द रोजचा.

घोळ 'इंटरेस्ट'मध्ये आहे. त्याचा एक अर्थ रस, दुसरा हितसंबंध. (तिसरा व्याज, तो तुम्हाला मी काय सांगणार!) रस नाही तो अनइंटरेस्टेड. हितसंबंध नाही तो डिसइंटरेस्टेड.

कंपनी कायदा २०१३, कलम १८४ बघा. समजा एक संचालक एका फर्ममध्ये भागीदार आहे आणि त्याच फर्मशी कंपनीला करार करायचाय. तर त्याने ते बोर्डाला सांगायचं, आणि पब्लिक कंपनी असेल तर त्या विषयाच्या चर्चेत भागही घ्यायचा नाही. कायदा त्याला 'इंटरेस्टेड डायरेक्टर' म्हणतो. विषय निघाल्यावर तो खुशाल जांभया देत बसला, तरी तो इंटरेस्टेडच! तुमचे सर याच्या नेमके उलटे. अडीच तास कान देऊन ऐकलं, पण कोण जिंकतं याने त्यांचं काही बनत-बिघडत नव्हतं.

एक खूण सांगते. पुढे ॲडव्हाइस, जजमेंट, विटनेस असं काही आलं तर डिसइंटरेस्टेड म्हणजे बहुधा निःपक्षपाती. पण 'डिसइंटरेस्टेड इन पॉलिटिक्स' असं 'इन' जोडून आलं, की लिहिणाऱ्याला रस नाही असंच म्हणायचं असतं. तिथे अनइंटरेस्टेड लिहावं.

सराफा_रात्री_बारा (इंदूर)

भिया, काका बरोबर असतील, पण मुलगाही अगदीच चूक नाही. मेरियम-वेबस्टर उघडा, दोन्ही अर्थ दिलेत. आणि गंमत म्हणजे सतराव्या शतकात मामला उलटा होता. डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला आणि अनइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती! नंतर अदलाबदल झाली. 'डिसइंटरेस्ट' हे नाम तर आजही सर्रास अनास्थेसाठीच वापरतात.

म्हणून आपलं मत असं, की परीक्षेत फरक पाळा, पण आभारपत्रात हा शब्द नको. वाचणाऱ्याला शब्दकोश पाठवायची वेळ आली तर ते आभार कसले?

मराठीच_हवं

पत्र मराठीत का नाही लिहिलं?

रामबागकर

सर बंगाली आहेत हो. वरचं वाचा तरी.

लष्करची_बाई (ग्वाल्हेर)

मी संस्कृत शिकवायचे. मला तर यात आपल्या घरचीच गोष्ट दिसते. 'उदासीन' घ्या. उद् आणि आसीन, म्हणजे बाजूला, अलिप्त बसलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात मित्र, शत्रू, मध्यस्थ यांच्या रांगेत उदासीनही येतो, म्हणजे कोणाचीच बाजू न घेणारा. चौदाव्यात 'उदासीनवदासीनो' हे तर गुणातीताचं लक्षण! आज मात्र 'नगरपालिका उदासीन आहे' म्हटलं की डोळ्यांपुढे खड्डेच येतात. हिंदीत 'उदास' म्हणजे तर तोंड पाडून बसलेला. म्हणजे तुम्ही 'आपल्या उदासीन परीक्षणाबद्दल आभार' असं मराठीत लिहिलं असतंत तरी फोन आलाच असता.

इंग्रजांना हसू नये, एवढंच. सरांना फेअर किंवा इम्पार्शल लिहा, आणि पत्र पोस्टाने न धाडता स्वतः घेऊन जा.

रामबागकर

बाई, तुमचं ऐकलं. काल संध्याकाळी डब्यात भुट्ट्याचा कीस घेऊन गेलो. सर आधी दारातच उभे. मी गीतेपासून कलम १८४ पर्यंत सगळं ऐकवलं. उदासीनवर ते एकदम हसले. म्हणाले, "हमारे बांग्ला में तो उदासीन बैरागी को भी कहते हैं." मग आत बोलावलं. डबा त्यांनी पुसून परत दिला आणि जुनं पत्रही ठेवून घेतलं, नव्याबरोबर.

नव्यात मी 'फेअर जजमेंट' लिहिलंय. त्याची प्रत मंडळाच्या फाइलला लावली, ती अध्यक्षांनी वाचली. आज सकाळी त्यांचा फोन. यंदाचा निकाल फेअर, म्हणजे आधीच्या वर्षांचे काय होते?