एप्रिलमधलं रोम: घरचे कपडे पुरतात की खरेदी हवीच?

केतकी_ठाणे

माझी नणंद एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सहकुटुंब रोमला चालली आहे. तिने खरेदीची यादी दाखवली: थर्मल, जाड पफर जॅकेट, ट्रेंच कोट, घोट्यापर्यंतचे बूट. सगळं प्रत्येकी एक! ती यादी पाहून राहवलं नाही, म्हणून हा धागा.

माझं ठाम मत आहे की एप्रिलमधल्या रोमसाठी आपल्याकडच्या माणसाला बूट सोडले तर काहीही विकत घ्यावं लागत नाही. तिथे सकाळी ८-९ अंश असतात आणि दुपारी १८-१९. कोलोसियमच्या रांगेत ऊन लागलं की पफर जॅकेट काढावंच लागतं आणि मग दिवसभर ते ओझं हातावर. पूर्ण बाह्यांचा सुती कुडता, वर खादीचं जाकीट, गळ्यात पातळ लोकरीची स्टोल, एवढं पुष्कळ झालं. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांचेसुद्धा. तिथेही हीच स्टोल कामाला येते.

पैसे घालायचे ते बुटांवर. रोमच्या जुन्या गल्ल्यांत काळ्या बसाल्टचे छोटे चौकोनी दगड बसवलेले आहेत, सांपिएत्रिनी म्हणतात त्यांना. दोन दगडांमधल्या फटीत बारीक टाच बरोबर अडकते. फोरम म्हणजे प्राचीन रोमचे भग्नावशेष, तिथल्या व्हिया साक्रा या रस्त्यावर तर मोठाले झिजलेले दगड, एक वर, एक खाली. बूट आधीच घ्या आणि निघण्यापूर्वी महिनाभर रोज घालून पायाला रुळवा. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालू नका.

तोरिनोचा_पुणेकर

मी इटलीत राहतो. बुटांबद्दल शंभर टक्के सहमत, सुती कुडत्याबद्दल अजिबात नाही.

एप्रिलमध्ये इथे पाऊस येतो, आणि सूत एकदा भिजलं की दुपारपर्यंत अंगाला ओलं चिकटून राहतं. त्यात उत्तरेकडून त्रामोंताना वारा सुटला की १८ अंश कागदावरच राहतात. शिवाय दगडी चर्चमध्ये आत गारवा असतो. पॅन्थिऑन या प्राचीन रोमन देवळाच्या, आताच्या चर्चच्या घुमटाला तर वर सुमारे ९ मीटर रुंद उघडं भोक आहे. पाऊस सरळ आत पडतो, आणि पाणी वाहून जायला फरशीत छिद्रं केलेली आहेत.

अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ टीशर्ट आणि वरून टोपीचं, पाणी न शिरणारं हलकं जॅकेट, या दोन गोष्टी विकत घ्याच. इटालियन लोक एप्रिलमध्ये कोट काढत नाहीत. 'एप्रिलमध्ये अंगावरचं उतरवू नकोस' अशी त्यांच्यात म्हणच आहे. अर्ध्या चड्डीत कुडकुडणारे सगळे बाहेरून आलेले.

मंजिरी_काकू

तुम्ही दोघं कुडता आणि टीशर्टवर भांडताय. साडीचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही!

मी साठी ओलांडलेली बाई, आणि रोमला मी साडीच नेसले. सुती महेश्वरी, नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसलेली, म्हणजे काठ जमिनीला लागत नाही. परकराऐवजी आत गरम लेगिंग, पायात रबरी तळाचे बूट. पदर पिन करून कमरेला खोचला की दोन्ही हात मोकळे. ब्लाऊज लांब बाह्यांचा, त्यावर घरी विणलेला स्वेटर. मला थंडी वाजली नाही आणि मी कुठे अडखळले नाही. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणी आयुष्यात पहिल्यांदा जीन्स घालून आल्या होत्या आणि सारख्या ती कमरेवर ओढत होत्या. ज्या कपड्यात आपण सहज वावरतो, त्याहून आरामाचं दुसरं काय असणार?

ऋजुता

काकू, आदर आहे, पण सरसकट सगळ्यांना साडी सुचवू नका. सेंट पीटर्सच्या घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. वरचा जिना अरुंद, भिंत घुमटाबरोबर कललेली, आणि मागे माणसांची रांग. तिथे निऱ्यांवर पाय पडला तर सावरायला जागा नाही. ज्यांना वर चढायचं आहे त्यांनी त्या दिवशी सलवार किंवा पँटच घालावी.

आणि केतकी, तुझ्या 'घरातलं काहीही चालतं' या सुरालाच माझा विरोध आहे. तिथे सत्तरीचे आजोबासुद्धा कॉफी प्यायला इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून येतात. आपण मात्र भडक बूट, चुरगळलेला कुडता आणि पोटावर पाऊच! एक मापात शिवलेला, अस्तर नसलेला गडद निळा ब्लेझर घ्या. तो वर्षानुवर्षं टिकतो. दोन पँट, तीन-चार वरचे कपडे, सगळे एकमेकांवर जाणारे, आणि रंग हवा तर तो स्टोलमध्ये. बॅगही हलकी होते.

करवीरकर

संध्याकाळचं कुणीच बोललं नाही. दिवसभर बूट ठीक, पण त्रास्तेव्हेरे या रोमच्या जुन्या वस्तीत जेवायला जाताना पायात कोल्हापुरी घाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली आपली चप्पल आपणच इटलीत घालायला का बिचकायचं? फक्त करकरीत नवी नको, तेल पाजून मऊ झालेली, पायाला बसलेली न्या.

तोरिनोचा_पुणेकर

@करवीरकर, भावना पटते, पण कातडी तळ ओल्या बसाल्टवर सटकतो आणि भिजलेली कोल्हापुरी पुन्हा आकारात येत नाही. आकाश स्वच्छ असेल तरच.

केतकी_ठाणे

पावसाबद्दल एवढंच सांगते: जून ते सप्टेंबर ठाण्यात अंगावर असतं ते विंडचीटर कोणाच्या घरी नाही? तेच न्या. मेरिनोचा टीशर्ट चांगला असतो, मान्य, पण चौघांच्या कुटुंबाला त्याचा खर्च पाहा. त्याच पैशात चौघांची पॅन्थिऑनची तिकिटं निघून वर जेवणही होईल. लोकरीचा पातळ हातविणीचा स्वेटर आपल्याकडे कुठल्याही घरात सापडतो.

ऋजुता, इस्त्रीचं मात्र मनापासून पटलं. कुडते घडी न घालता गुंडाळून भरले की कमी चुरगळतात आणि गल्लीतल्या शिंप्याकडून बाजूने टाके घालून घेतले की मापातही बसतात. ब्लेझरचं काम खादीचं जाकीट करतंच.

ऋजुता

नाही करत. जाकिटाला बाह्या नसतात, आणि रात्री नदीकाठच्या वाऱ्यात हातच गारठतात. नणंदेला यादीतलं बाकी सगळं खोडू दे, पण एक बाह्यांचं काहीतरी नीट शिवलेलं तिला घेऊ दे.