‘फास्टॅग पाकिटात ठेवा’ म्हणणाऱ्यांनो, आरशामागची जागा कशासाठी आहे?

घाटमाथा:
‘नव्या गाडीच्या काचेला फास्टॅग चिकटवून तिचं तोंड खराब करू नका. पाकिटात ठेवा, टोलनाका आला की हातात धरून दाखवा.’ गाडीवाल्यांच्या एका गटात कुणीतरी हा सल्ला दिला आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

टॅग नजरेत येऊ नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्यासाठी जागा आहे ना! आतल्या आरशाच्या मागे, काचेवर काळे ठिपके असतात तिथे, क्लीनर बाजूला. स्टिअरिंगवर बसलेल्याला तो दिसत नाही आणि बाहेरूनही ठिपक्यांत मिसळून जातो. ते ठिपके म्हणजे काचेवर भाजलेला रंग, धातू नव्हे, त्यामुळे वाचन अडत नाही. उन्हाची उष्णता परतवणारी धातूच्या मुलाम्याची काच असेल, तर टॅगसाठी मोकळी ठेवलेली जागा बहुधा आरशाजवळच असते. गाडीच्या पुस्तकात बघा. फक्त कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर झाकू नका.

आता हातात धरण्याबद्दल. टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो, आणि त्याची अँटेना काचेवर बसेल असं धरूनच बनवलेली असते. बोटांत पकडला की शरीरच त्या लहरी शोषून घेतं. मग काच खाली करा, हात बाहेर काढा, टॅग उलटासुलटा करा. मागे भोंगे.

जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने आतून काचेला न लावलेल्या टॅगवर दुप्पट आकारणी सांगितली. जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायला सांगितले. तरीही पाकिटाचे सल्ले चालूच!

पांढरीशुभ्र_सेदान:
गाडी माझी, काच माझी. सोसायटीचा एक स्टिकर, ऑफिसच्या पार्किंगचा दुसरा, जुन्या टॅगचा अर्धवट निघालेला तुकडा तिसरा. अठरा लाख मोजून घेतलेल्या गाडीची काच म्हणजे एसटी स्टँडवरचा जाहिरातींचा फलक झाली आहे. आणि तो टॅग एकदा लावला की सरळ निघतही नाही, फाटतो. काच बदलली की नवा टॅग घ्या. पाकिटातल्या टॅगवर मी आजवर विनातक्रार गेलोय.

घाटमाथा:
फाटतो, कारण तो फाटावा असाच बनवलाय. कारचा टॅग काढून टेम्पोला लावायचा आणि कारच्या दरात नाका पार करायचा, हे धंदे त्यामुळेच अडतात. समृद्धीसारख्या रस्त्यावर अंतरानुसार टोल आहे. तिथे चढताना एक टॅग आणि उतरताना दुसरा दाखवला तर हिशेबच लागणार नाही. तुम्ही तसं करता असं मी म्हणत नाही. पण सुटा टॅग बघून नाक्यावरचा माणूस तुमचा हेतू कसा ओळखणार?

एडिसनकर:
आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत, ई-झेडपास हा टोलचा टॅग वेल्क्रोच्या पट्ट्यांनी आरशामागे लावतात. हवा तेव्हा काढा, घरच्या दुसऱ्या गाडीत लावा. तिकडे जमतं तर भारतात काय अडतं?

घाटमाथा:
त्यात बॅटरी असते आणि एका खात्यावर अनेक गाड्या नोंदवता येतात. आपल्याकडे एक गाडी, एक टॅग. तुलना जुळत नाही.

वाईची_मंजू:
इथे सगळे काचेच्या सौंदर्यावर बोलत बसलेत. लोक टॅग का लपवतात ते मी सांगते. माझं माहेर एका नाक्यापासून सात किलोमीटरवर आहे. भाजी, दवाखाना, बहिणीचं घर, सगळं नाक्यापलीकडे. ‘लोकल’ म्हणून आधारकार्ड दाखवलं की सोडायचं असं नाक्यावर तोंडी ठरलेलं. पण टॅग काचेवर असेल तर कार्ड बाहेर काढेपर्यंत पैसे कापलेले असतात! मग वडिलांनी टॅग डिकीत टाकला. त्यात त्यांनी कोणता गुन्हा केला?

निवृत्त_उपअभियंता:
मंजूताई, तोंडी सवलतीला कागदावर आधार नसतो. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलच्या २००८ च्या नियमांत स्थानिकांसाठी मासिक पास आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहत असाल आणि गाडी खासगी असेल, तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. तो काढा आणि टॅग काचेवर लावा.

वाईची_मंजू:
काका, साडेतीनशे का द्यायचे? रस्ता झाला तेव्हा आमच्या गावच्या जमिनी गेल्या. चुलत्यांच्या विहिरीवरून सर्व्हिस रोड गेला. आणि आता आम्हीच आमच्या दवाखान्यात जायला पास काढायचा?

रंकाळा_कट्टा:
मंजूताईंना पूर्ण पाठिंबा. आम्ही कोल्हापूरकरांनी शहरातला टोल रस्त्यावर उतरून बंद पाडला. २०१५ मध्ये राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट दिली, तीसुद्धा लोकांच्या रेट्यामुळेच. आरशामागे की डिकीत यावर वाद घालण्यापेक्षा नाकाच का आहे ते विचारा.

निवृत्त_उपअभियंता:
आणि त्या सुटीची भरपाई ठेकेदारांना कुणी दिली? सरकारी तिजोरीने, म्हणजे ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही त्याने. मी रस्त्यांवर नोकरी काढली आहे. खड्डे घोषणांनी बुजत नाहीत.

रंकाळा_कट्टा:
तुमच्या नोकरीच्या काळातले खड्डे आम्ही कंबरेत घेऊन फिरतोय, साहेब. आम्हाला शिकवू नका.

निवृत्त_उपअभियंता:
हे वैयक्तिक झालं. मुद्दा असेल तर बोला.

ऐरोली_ते_ठाणे:
ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल गेला. रोज दोनदा भरत होतो, सुटलो. त्यामुळे रंकाळा यांचं खोटं नाही. पण दोन-दोन नाके लागोपाठ असण्यावर कुणीच बोलत नाही. राष्ट्रीय महामार्गावर ६० किलोमीटरचं अंतर नियमात लिहिलंय ना?

घाटमाथा:
मंडळी, धागा टॅग कुठे लावायचा याचा आहे. टोल रद्द करण्यावर वेगळा धागा काढा, तिथे मी मंजूताईंच्या बाजूने लिहीन. जमिनी गेलेल्या गावांना सूट हवीच, आणि ती लेखी हवी. पण टॅग डिकीत टाकल्याने ती मिळत नाही. उलट गाडीच्या नंबरवर दुप्पट आकारणीची नोंद होते आणि भांडायला गेलं की दोष आपलाच दिसतो.

वाईची_मंजू:
तुम्हाला लेखी सूट म्हणणं सोपं आहे. वडील सत्तरीचे आहेत. त्यांनी कुठल्या दारात उभं राहायचं? तरी टॅग डिकीतून काढायला सांगते, कारण मागच्या महिन्यात त्यांना खरंच दुप्पट भरावे लागले. पटलं म्हणून नाही.

पांढरीशुभ्र_सेदान:
एक राहिलंच. काचेवर उघडा टॅग असला की सिग्नलला कुणीही स्कॅन करून पैसे काढतो. काच पुसता पुसता हातातल्या घड्याळाने टॅग स्कॅन करणाऱ्या मुलाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय.

ऐरोली_ते_ठाणे:
तो २०२२ मधला बनावट व्हिडिओ आहे. फास्टॅगचे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयने तेव्हाच खुलासा केला होता. या व्यवस्थेत पैसे नोंदणीकृत नाक्याकडे किंवा पार्किंगसारख्या व्यापाऱ्याकडेच जातात, माणसाकडून माणसाकडे जातच नाहीत. किती वर्षं तेच फिरवणार?

पांढरीशुभ्र_सेदान:
बरं, व्हिडिओ खोटा. काचेचं माझं म्हणणं खोटं नाही. टोलचा वार्षिक पास घ्यायचाय, वर्षभरात दोनशे फेऱ्या, आणि त्यालाही टॅग काचेवरच हवा म्हणतात. तेवढ्यासाठी आरशामागे लावतो. पारदर्शक पाऊच मिळतात, सक्शनवाले, त्यात घालून लावला तर?

घाटमाथा:
नको. पाऊच म्हणजे पुन्हा सुटाच टॅग. उन्हात सक्शन सुटतं आणि ऐन नाक्यावर पाऊच मांडीत पडतो. काच आतून स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग टॅग मधून कडेकडे दाबत बसवा, आत हवा राहू देऊ नका. लावण्याआधी आरसा थोडा फिरवून बघा, त्याच्या दांड्याखाली टॅग दबायला नको. जुन्या टॅगचा तुकडा आधी खरवडून काढा आणि ते जुनं खाते बंद करून घ्या.

रंकाळा_कट्टा:
लावा, लावा. पैसे कापून घ्यायची सोय तरी नीट करून द्या त्यांना. मंजूताई, स्थानिकांच्या सवलतीचा वेगळा धागा मी काढतोय. गावाचं आणि नाक्याचं अंतर लिहा.

वाईची_मंजू:
लिहिते. जमिनी गेल्याचे सातबारेही शोधून ठेवते.