शब्दचर्चा : समुद्रतळाशी असलेला गंधक 'विरघळलेला' की 'वितळलेला'?

प्रश्न : मारियाना द्वीपमालेच्या भागात दाइकोकू नावाचा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे. तेथे २००६ साली सुमारे ४२० मीटर खोलीवर द्रवरूप गंधकाने भरलेला खड्डा आढळला. त्याविषयी लिहिताना मी 'विरघळलेल्या गंधकाचे तळे आणि त्यावरील गोठलेला थर' असे लिहिले आहे. हे शब्द योग्य आहेत का?

प्रतिसाद : 'विरघळलेला' निश्चितच चूक आहे. साखर पाण्यात विरघळते, तर मेण उष्णतेने वितळते. एका क्रियेला द्रावक लागतो, दुसरीला केवळ उष्णता पुरते. गंधक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून तर चहूबाजूंनी समुद्र असूनही तो खड्ड्यात वेगळा राहतो. तेथील गंधकाचे तापमान १८७ अंश सेल्सिअस मोजले गेले होते, आणि गंधक ११५ ते ११९ अंशांच्या दरम्यान वितळतो. इतक्या खोलीवरील दाबामुळे त्या तापमानालाही पाणी उकळत नाही.

तुपाच्या सवयीने कोणी 'पातळ झालेला गंधक' लिहील, पण तेही टाळावे. सुमारे १५९ अंशांच्या पुढे गंधकातील आठ अणूंची कडी तुटून त्यांच्या लांब साखळ्या बनतात आणि द्रव पातळ होण्याऐवजी एकदम दाट व चिकट होतो.

थरासाठी मला 'थिजलेला' अधिक पटतो. व्याकरणाने 'गोठलेला' चुकत नाही, परंतु त्या शब्दाबरोबर थंडी येते. तूप मात्र कोमट खोलीतही थिजते, आणि गंधकाचा पापुद्रा तर पाणी उकळवणाऱ्या उष्णतेतही थिजलेला राहू शकतो. दाइकोकूच्या खड्ड्यात खालून येणाऱ्या वायूमुळे हा पापुद्रा लाटेसारखा वरखाली हलत होता. तापत्या दुधावरची साय उचलली जाते, तसेच काहीसे.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे, मात्र 'तळे' खटकते. तळे म्हटले की विस्तार डोळ्यांपुढे येतो, आणि हा खड्डा काही मीटरांचाच होता. 'कुंड' चालेल, जरी वज्रेश्वरीच्या कुंडांमुळे वाचकाला आधी ऊन पाणीच आठवेल. संशोधकांनी या खड्ड्याला मोठ्या कढईची उपमा दिली होती. आपल्याकडे त्यासाठी गुऱ्हाळावरची 'काहील' आहे. रटरटणारा दाट रस पाहिलेल्याला 'गंधकाची काहील' समजावून सांगावी लागणार नाही. शीर्षकात 'कुंड' ठेवावे आणि वर्णनात 'काहील' वापरावी.