फोटोतलं ‘भूत’ आणि मागाहून कळलेलं खरं कारण: तुमचे अनुभव लिहा

गंगावेशची सून:
माळ्यावरची ट्रंक आज उतरवली, तळाला सासूबाईंचा रंकाळ्यावरचा जुना फोटो सापडला. त्या नऊवारीत काठावर उभ्या आणि खांद्यातून आरपार दिसणारी आणखी एक बाई. घरात हा फोटो कायम पालथा ठेवलेला. ‘ती थोरली जाऊ, बाळंतपणात गेलेली’ म्हणायचे आणि विषय बंद. आज उजेडात नीट बघितलं, तर त्या बाईच्या मागं पाणी नाहीच, आमच्या जुन्या घरातला दिव्याचा कोनाडा आहे! तुमच्याकडं असं काही आहे का?

रीळवाला:
वहिनी, कोनाड्यानंच सगळं सांगितलं. डबा कॅमेऱ्यात एक फोटो झाला की मागच्या लाल खिडकीत आकडा बघत चावी फिरवायची. ती राहिली की दुसरा फोटो त्याच जागेवर उठतो. आमच्या स्टुडिओत अशी कितीतरी रिळं धुवायला यायची. बारशाच्या पाळण्यात अख्खा बैल बघितलाय मी. वडील निगेटिव्ह उजेडाला धरून दाखवायचे, तेव्हा लोकांना पटायचं.

पन्हाळा पाऊस:
तीन दरवाजापाशी रात्री फ्लॅश मारला, फोटोभर पांढरे गोळे. मावशी म्हणाली, आत्मे. भुरभुर पाऊस होता. लेन्सच्या अगदी पुढ्यातला थेंब फ्लॅशनं उजळतो, पण फोकसमध्ये नसतो म्हणून फुगून गोल दिसतो. फ्लॅश बंद केला, गोळे गायब. धुळीचंही तेच. बाकी कणीस लई भारी मिळालं तिथं.

मंगळवारपेठी:
कणसाला तिखट-मीठ लिंबू लावून, व्हय?
नवरात्रात अंबाबाईची पालखी नाइट मोडवर काढली, तर पालखीशेजारी नुसते पाय, वर धुकं! त्या मोडमध्ये मोबाइल बरेच फोटो घेऊन एकात एक जोडतो. चवरी ढाळणारा माणूस पाय रोवून उभा होता, वरचं अंग हलत होतं.

कळंब्याची लेक:
आमच्या आत्यानं असल्याच फोटोपायी पाटल्या विकून देवऋषीला पैसे दिले. खिडकीच्या काचेत शेजारणीचं प्रतिबिंब पडलं होतं. साडीच्या काठावरून ओळखलं, पण पाटल्या गेल्यावर. अजून राग येतो.

रीळवाला:
फार वाईट वाटलं ताई. हा धंदा जुना आहे. अमेरिकेत विल्यम मम्लर नावाचा फोटोग्राफर १८६०च्या दशकात मेलेल्या माणसांच्या छाया फोटोत उठवून पैसे घ्यायचा. १८६९ साली न्यूयॉर्कला खटला झाला, त्यातून सुटला. पुढं अब्राहम लिंकनच्या विधवा पत्नीनंही त्याच्याकडं फोटो काढला, मागं अंधुक लिंकन! दुःखातल्या माणसाला त्या धूसर चेहऱ्यात आपलंच माणूस दिसतं. त्याचे पैसे करणाऱ्यांची मला चीड आहे.

जोतिबाचा गुलाल:
पॅनोरामात भाच्याला तीन हात आलेत, मधेच पळाला तो. मंगळवारपेठी, लिंबू पाहिजेच.

गंगावेशची सून:
कळंबा, आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.
सासूबाईंना भिंग देऊन फोटो दाखवला. कोनाड्याजवळची बाई त्यांची धाकटी नणंद निघाली, आता इचलकरंजीला असते, ठणठणीत. थोरल्या जाऊबाईंचा तर एकही फोटो कधी काढला नव्हता म्हणे. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
रीळवाले, कडेला बुरशी आलीय, ओल्या फडक्यानं पुसू का?

रीळवाला:
पाणी अजिबात नको! आहे तसा आधी स्कॅन करून घ्या. मग सावलीत वाळू द्या आणि मऊ कोरड्या ब्रशनं हलकं झाडा. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.