पावसातलं हत्तीकाम
पावसाळ्यात हत्ती दिसत नाहीत, मग हत्तींच्या संशोधनासाठी राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक म्हणून जाऊन करायचं काय, असं एकाने विचारलंय. अहो, बरंचसं काम लिदीचंच असतं! लिदीचे ढीग मोजून हत्तींच्या संख्येचा अंदाज बांधतात. पावसात ढीग लवकर विरघळतात, म्हणून ते किती दिवस टिकतात याची नोंद नसेल तर सगळं गणित चुकतं. एकाच ढिगाकडे पुन्हा पुन्हा जायचं, बघायचं, लिहायचं. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू.

हत्ती दिसलाच तरी ओळख पटवणं अवघड. कानाच्या कडेच्या खाचा बघायच्या, तर त्यांवर चिखलाचा थर! वहीत शिसपेन्सिलनेच लिहा, पेनची शाई पसरते. जळवांसाठी लांब मोजे घ्या.