मदत हवी आहे: सामायिक सातबारा, अतिवृष्टी अनुदान अडकलंय

सप्टेंबर 2025 च्या पुरात सोयाबीन गेलं. परभणी जिल्हा, जिरायत. पंचनामा झालाय, यादीत नाव आहे. पण हेक्टरी 8,500 आले नाहीत, रब्बीचे 10,000 ही नाहीत. फार्मर आयडी आहे. पीएम किसानचा हप्ता याच आधार-जोडणीच्या खात्यात येतो, त्यामुळे ‘आधी केवायसी करा’ हे सांगू नका, तिथं अडचण नाही.

गट सामायिक आहे: मी, भाऊ, बहीण. तलाठी म्हणतात, सगळ्यांचं संमतीपत्र आणा. बहीण सुरतला असते, संमती द्यायला तयार आहे, पण एवढ्यात येणं शक्य नाही.

तिनं तिकडंच नोटरी करून पाठवलेलं संमतीपत्र तहसीलला चालतं का? की तिघांना आपापल्या हिश्श्याचे पैसे वेगळे मिळू शकतात? कुणाला तसे मिळालेत का?